नळाची चूळ

लोणावळ्यातल्या एका बंगल्याची व्यवस्था पाहणं ही माझी पहिली नोकरी. बंगला मुंबईच्या शेठजींचा, हवापालटाला येणाऱ्यांना भाड्याने दिला जाई. पावसाळाभर मात्र बंद. आषाढात आमच्याकडचं धुकं पाहुण्यांच्या आधी गादीवर लोळून जातं. दसऱ्याला कुलूप काढलं आणि दोनच दिवसांत शेठजींचं पत्र: वडील येत आहेत, छातीच्या मोठ्या दुखण्यातून नुकतेच उठले आहेत, आल्या आल्या त्यांना शॉवरखाली गरम पाण्याची आंघोळ मिळावी.

मी हुशार. आदल्या दिवशीच गिझर लावला आणि वीज फार जळू नये म्हणून काटा कोमटावर ठेवला.

बंगल्याच्या झाडलोटीला डोंगरावरच्या वाडीतून एक मावशी येत. सकाळी त्यांनी माझं कौतुक करायचं सोडून नळाला नाक लावलं.

"भाऊ, ह्ये पानी म्हाताऱ्याच्या अंगावर घालनार व्हय?"

"का? गरम आहे की."

"गरम कुटं? चार म्हैनं टाकीत कोंडल्यालं पानी, आन् वरनं तुमी त्याला ऊब दिली. अंड्यावर कोंबडी बसिवली जनू."

मागच्या दसऱ्याला पहिल्याच पाहुण्याने या शॉवरखाली गाणी म्हणत मनसोक्त आंघोळ केली होती. आठवडाभरात ताप आणि खोकल्याने बेजार होऊन तो पुण्याच्या इस्पितळात गेला. मावशींनी तेव्हापासून त्या शॉवरवर डूख धरला होता. त्यांच्या वाडीत बरेच दिवस झाकून राहिलेल्या रांजणातलं पाणी कुणी वापरत नसे. ओतायचं, रांजण घासायचा, मग भरायचा.

"नळालाबी आदी चूळ भरू द्या," त्या म्हणाल्या. म्हणजे टाकी उपसून घासायची, गिझर चांगला उकळवायचा, खिडक्या उघडून सगळे नळ सोडून द्यायचे.

"पण ते तासाभरात येतील."

"मग धरून ठिवा त्यास्नी. बडबड तर तुमाला येतीच."

आजोबा टांग्यातून उतरले. अंगात तीन स्वेटर, डोक्याला मफलर, आणि पहिला प्रश्न, "आंघोळीचं पाणी तयार आहे ना?" मी त्यांना व्हरांड्यातल्या खुर्चीत बसवलं. चहा दिला. समोरच्या डोंगरातलं नागफणीचं टोक दाखवलं. तेही संपल्यावर मी आमच्या आवारात एक वाघ आणला. तो कुंपणावरून कसा आला, माळी आंब्यावर कसा चढला, हे मी हातापायांवर चालून दाखवत होतो. वर पाणी धो धो कोसळत होतं आणि अंगणातल्या गटारातून तांबूस ओघ वाहत होता.

"वर काय चाललंय?" आजोबांनी विचारलं.

"वाघ तेवढ्यात वळला," मी म्हणालो.

इतक्यात मावशी ओल्या पदराने खाली आल्या. "आबा, नळाचं पानी शिळं हुतं. तुमची छाती नाजूक. आज शावर न्हाई. हिरीचं पानी बंबात तापवलंय, बादलीनं न्हावा."

"बरं," आजोबा म्हणाले आणि उठले.

बरं! माझ्या गुडघ्यांची सालं गेली होती.

पुढे कित्येक वर्षांनी पेपरात लेजिओनेला नावाच्या जंतूविषयी वाचलं. नाव एखाद्या परदेशी नर्तकीचं वाटावं असं. साचलेल्या कोमट पाण्यात तो वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून श्वासाबरोबर छातीत उतरतो. शॉवरखाली गाणी म्हणणाऱ्या त्या पाहुण्याला तोच भेटला होता का, आता कोण सांगणार? पण अंड्यावरची कोंबडी मला तिथेच आठवली.

आजोबा पंधरा दिवस राहिले, एकदाही खोकले नाहीत. चौथ्या दिवशी मावशींनी शॉवरला परवानगी दिली. तरी ते रोज आधी जिन्यातून विचारत, "मावशी, नळाने चूळ भरली का?"

त्या पहिल्या दिवशी मात्र ते न्हाऊन, लालबुंद होऊन पुन्हा व्हरांड्यात आले. खुर्ची माझ्याकडे वळवून बसले.

"हं," ते म्हणाले. "वाघ वळला. पुढे?"