हॉबर्टआजोबांची वाटी

मी ग्रुपवर एवढंच टाकलं होतं : ‘शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये सुवर्णामावशींच्या हातची उसळ. सगळ्यांनी या.’ जवळच्या श्रूजबरी शहरातल्या मराठी लोकांचा ग्रुप तो. एरवी गणपतीच्या मीटिंगला चार डोकी जमत नाहीत. त्या शनिवारी मात्र साडेचारलाच गाड्या चर्चपासून तळ्यापर्यंत लागल्या.

सुवर्णामावशी माझ्या घरमालकीण. लग्न होऊन नागपूरहून थेट अमेरिकेतल्या या खेड्यात आल्या. काका गेले तरी हलल्या नाहीत. गाव म्हणजे एक चर्च, एक हिरवळ, एक पोस्ट, आणि नाव इंग्लंडातल्या कुठल्याशा खेड्याचं उचललेलं. मी मंगळवेढ्याचा. बाहेरून आलेला माणूस गावात किती वर्षं ‘नवीन’ राहतो, हे मला कोणी शिकवायला नको. गावाच्या वार्षिक बीन्सच्या जेवणात मावशींनी वर्षानुवर्षं भांडी घासली. मग शेजारच्या रूथबाईंनी त्यांना बीन्स शिकवले : घेवड्याचे सुके दाणे रात्रभर भिजवायचे, काकवी आणि मोहरी घालून दिवसभर मंद आचेवर ठेवायचे. या हिवाळ्यात रूथबाई गेल्या आणि गावाने त्या शनिवारच्या जेवणाचं भांडं पहिल्यांदाच मावशींच्या हाती दिलं. ग्रुपवर मी ‘उसळ’ म्हटलं ते हेच बीन्स. रूथबाईंच्या यजमानांना, हॉबर्टआजोबांना, मावशी म्हणाल्या होत्या, “रूथसारखे जमलेत का, ते तुम्ही सांगायचं.”

आमची मंडळी जेवली. “उसळ जरा गोड आहे यार,” म्हणत गिरीशने तिसऱ्यांदा घेतली आणि “मावशी, पार्सल मिळेल का?” म्हणून डबा पुढे केला. वाढायला मीच होतो. दुसऱ्याच्या भांड्यातून वाढताना माझा हात फार सढळ असतो.

पाच वाजता, गावाच्या जेवायच्या वेळेला, हॉबर्टआजोबा टाय लावून आले. भांड्याच्या तळाला नुसती काकवी चिकटलेली. त्यांनी पावाचा तुकडा घेतला आणि म्हणाले, “पाव छान आहे, सुवर्णा.”

घरी येताना मी म्हटलं, “मावशी, आपल्याकडे पाहुण्यांना आधीच वाढतात ना?”

“वाढतात की. पण तिथे पाहुणा कोण होता, सांग बरं?”

मी रिकामं भांडं या हातातून त्या हातात घेतलं.

“हॉबर्ट होता बावा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी यजमान होते.”

पुढे त्या त्यावर काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. फक्त रूथबाईंनी दिलेली एक वाटी माझ्यासमोर ठेवली. “आता तू शिजव. आणि नेऊनही तूच दे.”

पहिले बीन्स गोट्यांसारखे राहिले. दुसरे करपले, त्याचा वास गेला नाही म्हणून मावशी दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवून बसल्या, थंडीत. हॉबर्टआजोबा ओसरीवर असतात. मी दिसलो की हात वर करतात, आणि मी घाईघाईने फोनमध्ये बघतो. आज पुन्हा भिजत घातलेत. वाटी ओट्यावर पालथी आहे.