नावाडीण शुद्ध बोलू लागली

भोसरीत आमचं वर्कशॉप होतं आणि तिथं ड्रॉइंग काढायला एक कॉम्प्युटर होता. दुपारी वडील जेवून आडवे झाले की मोठा भाऊ आणि मी त्यावर एक परदेशी गेम खेळायचो. शापित नदीकाठचं राज्य आणि गावोगाव हिंडणारा आपला नायक. मारामारी कमी, माणसांशी बोलणंच जास्त, आणि ते सगळं इंग्रजीत. शेजारी लसूण सोलत बसलेली आई सारखी विचारायची, "आता काय म्हणती ती?"

ती म्हणजे नदीवरची म्हातारी नावाडीण. नायकाला लढायला, गप्प बसायला, माफ करायला तीच शिकवायची. भाऊ वाचायचा आणि आईला घरच्या बोलीत सांगायचा, "पल्याड जायचंय व्हय? बस मग. पर वल्हं तूच मारायचंस, म्या न्हाई." आई हसून म्हणायची, "बरूबर हाय तिचं."

पुढं मी संवादलेखन करू लागले. दरम्यान तोच गेम नव्यानं करायचं काम रावेतमधल्या एका नव्या स्टुडिओला मिळालं. चित्रं नवी, आवाज नवे आणि पहिल्यांदाच मराठीही. मराठी संवादांसाठी त्यांनी मला बोलावलं, तेव्हा मी आनंदानं हो म्हटलं. नावाडीण मी आईच्या बोलीत लिहिली. आवाजाला जुन्नरकडच्या, नाटकात काम केलेल्या एक वयस्कर बाई आल्या. त्यांनी पहिलंच वाक्य म्हटलं आणि काचेमागं बसलेली पोरं हेडफोन घट्ट धरून ऐकत राहिली.

नंतरच्या आठवड्यात स्टुडिओच्या प्रमुखांनी मला मीटिंगला बसवलं.

"नावाडीण गावठी बोलते," ते म्हणाले. "ती गुरू आहे. तिच्या तोंडी हे शोभत नाही. आपण गेम मॉडर्न करतोय."

"सर, होडी चालवणारी बाई पुस्तकासारखी बोलेल का?"

"कळतंय गं मला. पण लोक हसतील."

"कुठले लोक? माझी आई असंच बोलते."

एकजण मोबाईलमध्ये बघू लागला. प्रमुख समजुतीच्या सुरात म्हणाले, "तू मनाला लावून घेऊ नकोस."

मनाला नाही तर कुठं लावायचं होतं? भोसरी गाव होतं तेव्हापासून आमचं घर तिथं आहे. शाळेत "न्हाई" म्हटलं म्हणून बाईंनी मला वर्गासमोर दहादा "नाही" म्हणायला लावलं होतं. तरी मी गप्प बसले. वाटलं, फार तर बोली गेममधून जाईल, एवढंच.

तसंही झालं नाही. नवीन भाग तपासायला माझ्याकडं आला, तो माझे संवाद बदलूनच. नावाडीण म्हणत होती, "तुला पैलतीरी जायचे आहे का?" आणि बाजारातला पाकीटमार, जो जुन्या गेममध्ये सगळ्यांसारखंच बोलायचा, तो हात जोडून रडत होता, "आमी न्हाई केली चोरी! सोडा की राव!" मग शिपाई त्याला लाथ मारून गटारात ढकलतो. टीममध्ये तो प्रसंग परत परत लावून हसणं चाललं होतं. म्हणजे बोली त्यांना चालत होती! फक्त ती चोराच्या तोंडी हवी होती.

त्याच दिवशी जुन्नरकडच्या बाईंचा फोन आला. त्यांच्या जागी दुसरीचा आवाज घेतल्याचं त्यांना कुणीतरी परस्पर सांगितलं होतं.

"बाई, माझं काही चुकलं का?" त्यांनी विचारलं.

"तुमचं काही नाही चुकलं. त्यांना आपल्या बोलण्याची लाज वाटते."

त्या "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्या "बरं"नं मी पेटलेच. सरळ प्रमुखांच्या केबिनमध्ये गेले.

"पाकीटमाराचे संवाद बदला, नाहीतर माझं नाव काढा."

"ठीक आहे, नाव काढू," ते म्हणाले आणि परत स्क्रीनकडं वळले. मी भांडायच्या तयारीनं गेले होते. त्यांना भांडण्याइतकीही ती गोष्ट मोठी वाटली नाही. मी त्या दिवशी काम सोडलं. घरी येऊन कपाटाचं दार इतक्या जोरात आपटलं की त्याची कडी निघाली.

गेम आला आणि गाजला. भावानं तो हौसेनं विकत घेतला. एकदा रविवारी जेवताना मला म्हणाला, "छान केलाय गं. नदीचं पाणी काय दिसतंय!"

"आणि नावाडीण?"

"ती जरा बातम्या दिल्यासारखी बोलते. पण होते सवय."

मी ताटावरून उठले. तो "अगं, काय झालं?" विचारत राहिला, आई "आदी जेव की" म्हणत राहिली. मला दोघांशीही बोलवेना. अजूनही त्याच्याकडं तो गेम सुरू असला की मी गॅलरीत जाऊन उभी राहते आणि मागं दार ओढून घेते.