माहेरापेक्षा जवळ

दादा मस्कतला निघाला तेव्हा आईनं जेवण टाकलं. जालन्याच्या एमआयडीसीत वेल्डिंग करायचा तोवर दर रविवारी परतूरला घरी यायचा. वडील गेल्यापासून घरात आम्ही तिघंच, आणि आईच्या लेखी समुद्रापलीकडे गेलेला माणूस म्हणजे गेलाच.

मला समजूत घालता येत नाही, वाद घालता येतो. मी मोबाईल काढला. दोन विमानतळांची नावं टाकली की मधलं अंतर दाखवणारी एक साइट आहे, तिथं मुंबई आणि मस्कत टाकलं. मग मुंबई आणि कलकत्ता. कलकत्ता जास्त भरलं.

"बघ, कलकत्त्याहून जवळ चाललाय," मी म्हटलं.

"कलकत्ता कुणाच्या बापानं पाह्यलाय?" आई म्हणाली.

बरोबरच होतं. तिला ठाऊक होता तो वडीगोद्रीचा, तिच्या माहेरचा रस्ता. मध्ये गाडी बदलायची, फाट्यावर ताटकळायचं, अर्धा दिवस त्यातच मोडायचा. मग मी अंतराला विमानाच्या वेगानं भागलं आणि म्हटलं, "विमानात बसल्यावर तीन तास बी लागत न्हाईत. तुझ्या माहेराला यापेक्षा जास्त लागतात."

हे मात्र तिला पटलं. जेवली. पुढे गल्लीभर सांगत सुटली, "माझं लेकरू माहेरापेक्षा जवळ हाये." मी चिडवायची, "मंग डबा पाठव की गरमगरम." तीही हसायची.

दोन वर्षांनी तिच्या पोटातलं दुखणं निघालं. जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. दादा फोनवर रडत होता. कंपनी सुट्टी देईना, पासपोर्टही त्यांच्याच ताब्यात. मी आईला सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"तीन तासाच्या वाटेला सुट्टी कशाला लागती?" ती म्हणाली.

पासपोर्ट म्हणजे काय, तो दुसऱ्याच्या कपाटात कसा अडकतो, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. तिला एवढंच कळत होतं की पोरगं जवळ आहे आणि येत नाही. रोज विचारायची, निघाला का? मग एके दिवशी विचारणंच बंद केलं. "त्यालाच यायचं न्हाई गं," म्हणाली. "लांब असता तर गोष्ट येगळी व्हती."

त्यानंतर दादाचा व्हिडिओ कॉल आला की ती डोळे मिटून घ्यायची. तो तिकडून "माय, माय" करून राह्यला की मी सांगायची, झोपलीय. ती जागी आहे हे मला दिसत असायचं. तिचा असा राग यायचा, आणि लगेच तिची कीवही यायची. माझ्या हातात असतं तर मस्कत उचलून सातासमुद्रापार नेऊन ठेवलं असतं.

तशीच गेली ती, त्याच्याशी न बोलता.

कंपनीनं सुट्टी दिली ती त्यानंतर. दादा तेराव्याच्या आदल्या दिवशी पोचला. बॅग खाली न ठेवताच फोटोसमोर बसला आणि खूप रडला. मी पाणी आणून दिलं, ते हातातच राहिलं.

"माझ्यावर रागावल्ती का गं?"

"न्हाई दादा," मी म्हटलं. "म्हणायची, लई लांब ऱ्हातंय माझं लेकरू. येणार तरी कसं?"