लाल सुतळीची कोंबडी

भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये मी इन्स्पेक्शनला होतो. दिवसभर लोखंडी प्लेटा मोजायच्या, तपासायच्या आणि खोट निघेल तिच्यावर लाल पट्टा मारायचा. ही सवय शिफ्ट संपली की गेटवर ठेवून घरी यायचं असतं, हे मला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी थोडाच ऐकणार होतो म्हणा.

आमच्या क्वार्टरच्या मागे बायकोच्या कोंबड्या होत्या. लग्नानंतर ती भिलाईला आली तेव्हा तिच्या आईनं भंडाऱ्याकडच्या गावाहून टोपलीत तीन तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या, आणि एक कोंबडा दिला होता. पुढल्याच वर्षी सासूबाई गेल्या. माहेरी मागे कोणी उरलं नाही, घरही दुसऱ्याचं झालं. त्या कोंबड्या म्हणजे बायकोचं उरलंसुरलं माहेर होतं. हे मला माहीत होतं, चांगलं माहीत होतं. तेव्हा मी जे केलं त्याला अज्ञानाचंही निमित्त नाही.

दोन-तीन वर्षांत त्यांच्या दहा-बारा झाल्या. सडपातळ, चपळ, संध्याकाळी आंब्याच्या फांदीवर चढून बसणाऱ्या. अंगणात मिळेल ते टिपायच्या, नेमानं अंडी द्यायच्या, खुडूक बसून पिल्लं काढायच्या. मला मात्र त्यांच्यात खोट दिसली: वजन कमी.

एका रविवारी मी तराजू घेऊन बसलो. सगळ्यात जड दोन कोंबड्या पास केल्या. बाकीच्यांच्या आणि जुन्या कोंबड्याच्या पायाला लाल सुतळी बांधली, म्हणजे रिजेक्ट. बायको दारात येऊन उभी राहिली.

"ह्या मायच्या कोंबड्या आहेत. कावून छाटून राहिले?"

मी तिला समजावलं की तुझ्या आईच्याच कोंबड्यांतल्या उत्तम तेवढ्या ठेवतोय, वंश सुधारतोय. सुधारतोय! रिजेक्ट माल रुआबांध्याच्या वस्तीतून भांडी घासायला येणाऱ्या बाईला देऊन टाकला आणि जुनवानीकडच्या एका पोल्ट्रीतून पांढराफेक ब्रॉयलर कोंबडा आणला.

पुढं दर वर्षी हेच. पिल्लं मोठी झाली की तराजू, जड ती ठेवायची, हलकी वाटून टाकायची. चार वर्षांत असा माल तयार झाला की बघत राहावं. फांदीवर चढणं सोडाच, तांदळाच्या कनकीच्या ताटलीजवळून त्या हलत नसत. शेजाऱ्यांना मी मुद्दाम बोलावून दाखवायचो. एकजण म्हणाला, कोंबड्या मालकावर गेल्यात. मला ती स्तुती वाटली.

अंडी कमी कमी होत गेली. खुडूक तर एकही बसेना. दुकानातलं चांगलं खाद्य आणून घातलं, तर त्या आणखी जाड झाल्या. बायकोनं मागच्या दारी येणं जवळजवळ बंद केलं. मग एका मे महिन्यात माझी सगळ्यात वजनदार कोंबडी दुपारी उन्हात बसल्या जागी मेली. पिशवीत घालून, स्कूटरला अडकवून मी ती दुर्गला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेली.

त्यांनी ती फाडून दाखवली. पोटात मूठभर पिवळी चरबी, आणि यकृत फिकट, बोट लावलं तरी फुटणारं. डॉक्टर शांतपणे सांगत गेले. कोंबडीची चरबी मुख्यतः यकृतात तयार होते. तराजूला मांस कुठलं आणि चरबी कुठली हे कळत नाही. सगळ्यात जड ती निवडत गेलात, म्हणजे सगळ्यात खादाड ती निवडत गेलात. गरजेपेक्षा जास्त खाल्लेल्या दाण्याची चरबी होते आणि ती पोटात साठते. अंड्याच्या बलकातली चरबीही त्याच यकृतातून जाते, म्हणून ते असं बिघडलं की अंडी बंद होतात. हे आता रक्तातच उतरलंय, खाद्य बदलून फारसं जाणार नाही. बोलता बोलता त्यांची नजर माझ्या शर्टाच्या ताणलेल्या बटणांवर गेली आणि ते पुढं बोलायचे थांबले.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं.

"मले वजन कधी पाहिजे होतं?" ती एवढंच म्हणाली. "मायच्या कोंबड्या गेल्या."

तेव्हा कुठं मला ती लाल सुतळी आठवली. भांडीवाली बाई इतकी वर्षं सांगत होती, साहेबांनी दिलेल्या कोंबड्या खूप अंडी देतात, पिल्लं काढतात. मी समजायचो, बिचारी माझं मन राखतेय. पुन्हा स्कूटर काढली आणि थेट रुआबांध्याला तिच्या घरी गेलो. तिच्या अंगणात सडपातळ कोंबड्या पळत होत्या. एक म्हातारी पिल्लं घेऊन उकिरडा उकरत होती, आणि तिच्या पायाला विटलेली सुतळी होती. बाई माझ्यासाठी त्यातल्या त्यात भरलेली कोंबडी पकडायला धावली. साहेबाची आवड तिला ठाऊक होती. मला लाज वाटली. मी म्हातारीकडे बोट दाखवलं. बाईनं ती पिल्लांसकट टोपलीत घालून दिली.

बायकोनं टोपली उघडली, कोंबडी छातीशी धरली आणि बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी कात्री आणून तिच्यासमोर धरली. तिनं घेतली नाही, कोंबडीचा पाय माझ्यापुढं केला.

"तुमी बांधली होती. तुमीच सोडा."

मी अंगणात मांडी घालून बसलो. पोट आड येत होतं, वाकता येत नव्हतं, आणि गाठ माझ्याच हातची, पक्की होती.