दोन्ही काड्या सारख्या

मोडका चष्मा हातात आला की चष्मेवाले काका आधी तो कसा मोडला ते ओळखत. अंगाखाली आलेला चपटा होतो, चेंडू लागलेला नाकावर वाकतो. लोक हाताच्या रेषा बघतात, आमचे हे चष्म्याच्या काड्या बघतात, असं त्यांची बायको म्हणे. ती मागच्या खोलीत काचा घासायची.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की काका स्वतःचा चष्मा काढून ठेवत. मग समोरचा रस्ता विरघळायचा. सिग्नलचा लाल दिवा फुलासारखा उमलायचा, आणि माणसं रंगांचे पुंजके होऊन पाण्याखालून चालल्यासारखी जायची. ही दहा मिनिटं ते कोणाला देत नसत.

अशाच एका दुपारी त्या पुंजक्यांतला एक दुकानात शिरला. काकांनी चष्मा लावला, तेव्हा त्याचे तीन जण झाले: तारवटलेल्या डोळ्यांचा बाप, त्याच्या कडेवर तान्हं बाळ आणि त्याचं बोट धरलेली सात वर्षांची मुलगी. बायको परगावी नोकरीला, घरी आम्ही तिघंच, हे त्यानं पहिल्या खेपेलाच सांगितलं होतं. चार महिन्यांतली ही तिसरी खेप. तिन्ही वेळा मुलीच्या चष्म्याची डावी काडी बिजागरीपाशी पिळवटलेली, आणि तिन्ही वेळा कारण एकच, खेळताना पडली. पण पडलेल्या चष्म्याच्या काचेवर चरा उठतो. हिच्या काचा स्वच्छ होत्या.

तरी काकांच्या हातांनी सवयीचंच काम केलं. स्प्रिंगच्या बिजागरीची, कशीही वाकवली तरी जागेवर येणारी फ्रेम काढून तिच्यात त्यांनी काचा बसवल्या. तेवढ्यात बाळानं भोकाड पसरलं, म्हणून बाप त्याला घेऊन फुटपाथवर येरझाऱ्या घालू लागला.

"हा मोडत नाही?" मुलीनं आरशात बघत विचारलं.

"नाही गं बाळा."

"म्हणजे बाबा चिडले की पटकन काढायला नको."

ते गेले. काकांनी चष्मा उतरवला, पण आज दिवा काही उमलेना. त्यांनी चष्म्याची सोय केली होती, गालाची नाही. आणि आता चष्मा मोडणारच नाही, म्हणजे ती दुकानातही येणार नाही. जे एवढे दिवस दिसत होतं, ते त्यांनी स्वतःच्या हातांनी झाकून टाकलं होतं.

बायकोला त्यांनी सगळं सांगितलं. माणूस वाईट वाटत नाही, आपला अंदाज चुकला तर एक घर उठेल, असंही म्हणाले. तिनं काचा घासायचं यंत्र बंद केलं. "जन्म गेला लोकांच्या नाकावर चष्मे बसवण्यात. आता एकदा नाक खुपसायची वेळ आली तर लाजताय?"

मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर एक बाई बोलल्या. काय वाटतं ते नको, काय पाहिलं, काय ऐकलं, कधी, तेवढं सांगा, म्हणाल्या. पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही, आणि तुमचं नाव त्यांना कळणार नाही. काकांनी पावतीपुस्तकातला पत्ता दिला आणि शेवटी विचारलं, मुलीला नेतील का?

"ती सुरक्षित आहे का, ते आधी बघू. त्या बापालाही कोणी विचारलं नसेल, कसं चाललंय म्हणून."

सहा महिने कोणी आलं नाही. मग एका दुपारी रस्त्यावरचे दोन पुंजके हळूहळू मोठे होत दारात आले. बाप आणि मुलगी. बाप आपणहून बोलू लागला. कोणीतरी फोन केला होता, त्यावरून मदत क्रमांकाच्या एक बाई घरी आल्या. त्या माणसाला त्यानं आठवडाभर शिव्या घातल्या. मुलगी दीड महिना आत्याकडे राहिली. त्या बाईंनी दुपारपुरतं पाळणाघर मिळवून दिलं, बायकोशी बोलून तिला बदली मागायला लावली, आणि दर गुरुवारी त्याला इतर आईबापांच्या बैठकीला बसवलं. "राग अजून येतो," तो म्हणाला. "आला की बाळाला पाळण्यात ठेवतो आणि जिन्यात जाऊन बसतो. आत्याचा रोज फोन असतो. मुलीशी वेगळं बोलते."

काकांनी चष्म्यासाठी मुलीपुढे हात केला.

चष्मा घसरतो, अशी मुलीची तक्रार होती. काकांनी तो उजेडात धरला. न मोडणारी फ्रेम खोटं बोलू शकते, हे ते विसरले नव्हते. म्हणून त्यांनी मुलीकडे नीट पाहिलं. ती बापाच्या हाताला टेकून उभी होती, आणि त्यानं हात हलवला तेव्हा दचकली नाही. मग त्यांनी काड्या पाहिल्या. दोन्ही रोजच्या ताणानं बाहेर फाकलेल्या, अगदी सारख्या.

"चेहरा मोठा झालाय," ते म्हणाले आणि मोठी फ्रेम शोधायला वळले.