सुनीताची टर्बोवाली गाडी

मंडळी, माफ करा. सकाळची गोष्ट आत्ता संध्याकाळी लिहितो आहे. दिवसभर मन थाऱ्यावर नव्हतं.

पुण्याहून मुलीचा, सुनीताचा फोन आला. "बाबा, दोन स्पोर्ट्स कार पाह्यल्या. एक टर्बोची, एक बिनटर्बोची. तुमी जलमभर जीप चालवली. सांगा, कोणती घेऊ?"

मी सातवी शिकलेला. माझ्या जीपला टर्बो नव्हता. म्हणून रिसोडला ओळखीच्या मिस्त्रीकडे गेलो. तो हसला. "काका, तुमची जीप सवाऱ्या उतरवून ढकला लागे, अन् आता स्पोर्ट्स कार निवडून राह्यले!"

मग त्यानं नीट सांगितलं. "टर्बो म्हणजे चुलीची फुंकणी. फुंकर पोचेपर्यंत जरा वेळ लागते, मंग एकदम भडका. बिनटर्बोची जसा पाय द्याल, तशी पयते."

तो जरासा वेळच माझ्या डोक्यात बसला. वाशीम रस्त्यावर सोयाबीनची ट्रॉली ओलांडताना समोरून एसटी आली, तर तेवढ्यात सगळं संपतं. मी सुनीताला लगेच फोन केला, बिनटर्बोची घे.

"बाबा, टर्बोची कालच घेतली."

"मंग मले काहून इचारलं?"

"तुमाले इचारल्याबिगर घरात गाडी आली का कधी?"



रविवारी ती एकटीच ती गाडी घेऊन गावी निघते आहे. तुमच्यापैकी कोणी दोन्ही चालवल्या असतील तर सांगा, नव्या टर्बोलाही तो वेळ लागतो का? तिला काय सांगून ठेवू? शनिवारच्या आत कळवा, मंडळी. ती निघाल्यावर फोन उचलत नाही.