रडणारीच्या हाती कापूस

३० जुलै १९९८, गुरुवार. रविवारी घरात कानबाई, आमची खानदेशची देवी, बसायची होती, म्हणून मी तिच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू निवडत होते. आमच्या पारोळ्याच्या घरात प्रत्येक गड्यामाणसाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजून घेतात. तेवढ्यात शेजारीण धुळ्याहून आली आणि दवाखान्यातल्या अक्का गेल्याचं सांगून गेली. मी सूप खाली ठेवलं नाही. हातचं काम टाकून गळा काढणं अक्कांना कधीच खपलं नसतं.

अक्का धुळ्यात बायकांच्या दवाखान्यात नर्स होत्या. मूल होत नाही म्हणून आलेली बाई डोळ्यांना पदर लावू लागली, की त्या तिच्यापुढं कापसाचा गठ्ठा टाकत. "बोळा कर. हात चालना का तोंड बी चालस." आणि चालायचंच. आईलाही न सांगितलेलं बायका तिथं बोलून जात. अक्का मधे बोलत नसत. बोळा मोठा झाला, तर तेवढा पुन्हा करायला लावत.

१९८४ साली सासूबाई मला तिथं घेऊन गेल्या. लग्नाला सहा वर्षं झाली होती. अंगारे, उपास आणि दोन बुवा करून झाले होते, आता डॉक्टर. यानंतर दुसरी सून, हे त्यांनी एसटीतच सांगून टाकलं होतं.

"पेशंट कोन शे?" अक्कांनी विचारलं.

"हाई काय, सून."

"आनि तुमना पोऱ्या?"

"त्याले काय व्हयेल शे? धडधाकट शे."

"धडधाकट ते बैल बी ऱ्हास, बाई," असं म्हणून अक्कांनी सासूबाईंना बाहेरच्या बाकड्यावर पाठवलं आणि दार लावून घेतलं.

त्या खोलीत गुटगुटीत बाळाचं कॅलेंडर होतं. कुठल्याशा औषधवाल्यानं दिलेलं. अक्का रोज सकाळी ते भिंतीकडं तोंड करून टांगत. "भुक्याले जिलबीनं चित्र दखाडतस. अक्कल नही." डॉक्टर ते सरळ करत, अक्का पुन्हा उलटं करत.

मी दोन तास बोळे केले. शेवटी त्या म्हणाल्या, "पोर व्हई का नही, माले माहीत नही. पन तू वाया जायेल नही शे, हाई माले माहीत शे." एवढंच. पाठीवरून हात वगैरे त्यांनी कधी फिरवला नाही.

पुढच्या खेपेला नवऱ्याला नेलं. तो व्हरांड्यातच अडला. अक्का सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तिनी सहा वरीस उपास करी लिधात, तुले एक तपासनी जड जास?" तो मुकाट आत गेला. दोष त्याच्यात निघाला. मूल झालंच नाही, पण दुसऱ्या सुनेचा विषय त्या दिवशी संपला. सासूबाईंनी खापर नशिबावर फोडलं. पोरापेक्षा नशीब बदनाम झालेलं बरं.

चौदा वर्षांत त्या काही शिकल्या नाहीत. धाकट्या दिराच्या लग्नाला पाच वर्षं झाली, तर सावद्याकडची मुलगी दुसरी सून म्हणून हेरून ठेवली. धाकटी जाऊ मागच्या दारी डोळे पुसत होती. मी अर्धे गहू तिच्यापुढं ओतले. "निवड." दहा मिनिटांत ती बोलू लागली. रविवारी कानबाईच्या जेवणाला त्या मुलीचा बाप येणार होता, बोलणी पक्की करायला. तपासणी दिराची एकदाही झाली नव्हती.

मी सासऱ्यांची मूठ मोजली, आमच्या ह्यांची मोजली आणि थांबले. दीर ओसरीवरून बघत होता.

"वहिनी, मन्ही मूठ?"

"सकाळी धुळ्याले तपासनी करी या. मंग घालसू."

सासूबाई उसळल्या. "कानबाईले अट घालतस?"

"कानबाईले नही, तुमना पोऱ्याले."

कानबाईच्या रोटात आपली मूठ नाही म्हटल्यावर दिराचा चेहरा उतरला. बायकोच्या पाच वर्षांच्या रडण्यानं तो कधी उतरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाच्या एसटीत मी दोघांना बसवलं. धाकटीच्या पिशवीत भाकरीसोबत कापसाचा गठ्ठा टाकला. दीर खिडकीशी तोंड फुगवून बसला होता. तो पुढच्या दारानं उतरून पळेल, म्हणून गाडी नाक्याच्या पुढं जाईपर्यंत मी उभी राहिले. मग घरी येऊन उरलेले गहू निवडायला घेतले.